सावकाश होऊ द्या

सन्मती मगदूमच्या तोंडापुढे टिकाव धरणारा माणूस जयसिंगपुरात अजून जन्माला यायचा होता. कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करणं हा त्याचा धंदा आणि तोच छंद. आखाड्यात दोन पैलवान नुसते एकमेकांच्या मनगटांशी चाळा करत उभे असले तरी सन्मतीच्या माईकमधून असं रणकंदन चालायचं, की ज्यांना मागच्या रांगेतून आखाडा दिसतही नव्हता त्यांनाही घाम फुटायचा. घरीही तेच. आमटीत मीठ कमी पडलं तर त्याचंही निवेदन. बायको विमल लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात तिचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. ती सुरू करायची, सन्मती संपवायचा, आणि तेही स्वतःला हवं तिथे नेऊन.

धाकटी बहीण सुनेत्रा शिकायला पुण्याला गेली ती मुळात कानांना विश्रांती मिळावी म्हणून, असं ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी हसायच्या, पण वेगळ्याच कारणासाठी. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं ती ‘मी येतो, मी जातो’ म्हणायची. शेवटी पुण्यात ‘येते’ आणि घरी ‘येतो’ म्हणायची तिनं सवय लावून घेतली, आणि त्यात तिची कधी गफलत झाली नाही.

असा हा बोलघेवडा माणूस एका उरुसाच्या मैदानात, माईक हातात असताना, वाक्याच्या मध्यावर गप्प झाला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. जीव वाचला, पण बोलणं गेलं, हालचाल गेली. डोळे उघडायचे, मिटायचे, कुणावर ठरायचे नाहीत. मिरजेच्या इस्पितळात त्याचं अंथरूण कायमचं झालं आणि विमलनं समोरच्याच गल्लीत एक खोली घेतली. रोज सकाळी ती येऊन त्याच्या उशाशी बसायची आणि म्हणायची, “बोला. सावकाश होऊ द्या. घाई न्हाई.” पंगतीत वाढणारा पाहुण्याला म्हणतो ना, तसं. सन्मती आत आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मेंदूवर जाळी बसवणं ही गोष्ट तोवर गुडघा बदलण्याइतकी सरावाची झाली होती. केसाहून बारीक तारांची ती जाळी, ओठ आणि जीभ हलवणाऱ्या भागावर अलगद अंथरायची. माणसानं बोलायचं नुसतं मनात आणलं की तिथे विजेच्या बारीक लहरी उठतात. जाळी त्या टिपते, यंत्र त्यांचा आवाज करतं. वर्षानुवर्षं मुके पडलेले लोक या जाळीच्या जोरावर नातवंडांना दटावू लागले होते. सन्मतीलाही जाळी बसवली. यंत्राला त्याच्या जुन्या निवेदनांतून त्याचाच आवाज शिकवला. आणि यंत्रातून आली ती नुसती खरखर.

“आत कुणी बोलत असतं तर एव्हाना कळलं असतं,” डॉ. नेजकर म्हणाले. माणूस भला होता, त्याला हे बोलणं जड जात होतं. “महिनाअखेरीस जाळी काढावी लागेल. उगाच ठेवली तर जंतुसंसर्गाचा धोका. आणि एकदा काढली की त्या जागी पुन्हा बसवता येत नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवतो.”

सुनेत्रानं ती खरखर ऐकली आणि तिला ते पटलं नाही. कारण खरखर हाच तिचा पेशा होता.

एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माहिती जाते ती शून्य आणि एक या अंकांच्या रूपात. पूर्वी ती बऱ्याच तारांतून एकदम पाठवायचे आणि सोबत घड्याळाची एक वेगळी तार असायची. ती टिकटिक करून सांगायची, आता वाचा, आता वाचा. वेग वाढला तशी ही पद्धत मोडीत निघाली. टिकटिक एका तारेनं आधी पोचे, अंक दुसरीनं मागाहून, आणि सगळाच गोंधळ. मग अंक एकाच वाटेनं, एकामागून एक सोडायला लागले आणि घड्याळाची तार काढूनच टाकली. मग वाचणाऱ्या रिसीव्हरला कळणार कसं, की एक अंक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला? यातली गंमत अशी की घड्याळ त्या माहितीतच दडलेलं असतं. शून्याचा एक झाला, एकाचा शून्य झाला, की सिग्नलला एक कड येते. त्या कडा बघत बघत रिसीव्हर स्वतःच ठेका धरतो. दोन पोरी लांब दोरी फिरवत असतात, तिसरी बाहेर उभी राहून मान हलवत अंदाज घेते आणि नेमकी आत उडी मारते. तिला ‘आता’ म्हणून कुणी सांगत नाही, दोरीच सांगते.

पण कडा कधीच अगदी वेळेवर येत नाहीत. एखादी लवकर येते, एखादी रेंगाळते. या थरथरीला जिटर म्हणतात. चांगल्या सिग्नलला मुद्दाम थरथरवायचं आणि रिसीव्हर कुठवर सहन करतो ते बघायचं, हे सुनेत्राचं पुण्यातलं काम. थरथर संथ असेल तर ती कितीही मोठी असो, रिसीव्हर तिच्या मागोमाग जातो. ती वेगवान असेल तर थोडक्यातही त्याचा पाय चुकतो. सुनेत्राचे रिसीव्हर फार सोशिक म्हणून नावाजलेले होते. ऑफिसात तिला पाठीमागे ‘सोशिकबाई’ म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं.

“डॉक्टर, तुमचं यंत्र धडधाकट माणसांच्या ठेक्यावर दादाला वाचतंय,” ती म्हणाली. “त्याची दोरी दुसऱ्याच ठेक्यावर फिरत असली तर? माझा रिसीव्हर लावू द्या. तो आधी ठेका शोधतो, मग वाचतो. आणि ठेका सापडला की यंत्राचे प्रश्नसुद्धा त्याच ठेक्यावर विचारता येतील, म्हणजे दादाला त्रास नाही.”

डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत मुभा दिली. सुनेत्रा रजा टाकून मिरजेला येऊन राहिली.

पहिल्या काही दिवसांतच पडद्यावरचा लाल ठिपका हिरवा झाला. रिसीव्हरला ठेका सापडला होता. फार मंद होता, पण होता. यंत्रानं विचारलं, “सन्मती, ऐकू येतंय का?” आणि बराच वेळ गेल्यावर सन्मतीच्या भरदार आवाजात उत्तर आलं, “हो.”

विमलनं प्रश्नांवर प्रश्न विचारले. मी दिसतो का? हो. दुखतंय का कुठं? हो. सुनेत्रा आल्याली कळलं का? हो. सगळ्या मजल्यावर पेढे वाटले गेले. शेजारच्या खोलीतली म्हातारी काठी टेकत येऊन सन्मतीच्या पायांना हात लावून गेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर चादर बदलायला आल्या. त्यांनी गादीचा पंप बंद केला. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असते, तिच्या पट्ट्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात. पंप बंद झाला आणि हिरवा ठिपका लाल झाला. चादर घालून झाली, पंप सुरू झाला, ठिपका हिरवा झाला. सुनेत्रानं यंत्रावर प्रश्न टाकला, “तुझं नाव मारुती आहे का?”

“हो,” सन्मतीचा आवाज म्हणाला.

गादी हलली की अंग हलायचं, अंग हललं की तारा हलायच्या. सुनेत्राच्या सोशिक रिसीव्हरनं त्या पंपाचाच ठेका धरला होता आणि इमानेइतबारे गादीचं म्हणणं वाचून दाखवलं होतं. तिच्या धंद्यात या चुकीला खोटं कुलूप म्हणतात. आणि प्रश्न तर सगळे ‘हो’ उत्तराचेच विचारले होते. माणूस ज्या उत्तरासाठी आसुसलेला असतो, प्रश्नही तसाच विचारतो.

विमलला सांगणं भाग होतं. सुनेत्रानं सांगितलं. विमलनं गादीकडे बघितलं.

“म्हंजे काल दिवसभर मी गादीसंगं बोलत बसलो व्हय?”

“वहिनी, माझी चूक झाली.”

“चूक न्हाई गं,” विमल म्हणाली आणि तिच्या तोंडावर उगाचच हसू आलं. “तरी मला वाटलंच हुतं. हे आन् एका शब्दात उत्तर देतील?”

सुनेत्राला रडू कोसळलं. विमलनंच तिला जवळ घेतलं.

पंपाचा हिशेब सिग्नलमधून वजा केल्यावर मात्र जे उरलं, त्यानं सुनेत्राची झोप उडवली. तिथे खरोखरच काहीतरी होतं.

रिसीव्हरचं काम कसं चाललंय हे बघायची सुनेत्राच्या धंद्यातली एक जुनी रीत आहे. येणाऱ्या सिग्नलचे छोटे छोटे तुकडे, धरलेल्या ठेक्यावर कापून, पडद्यावर एकावर एक रचत जायचे. ठेका बरोबर असेल तर सगळ्या रेघा एकमेकींवर नीट बसतात आणि मध्ये बदामाच्या आकाराची मोकळी जागा उरते. तिला डोळा म्हणतात. थरथर वाढली की रेघा विस्कटतात आणि डोळा मिटतो. सन्मतीच्या सिग्नलचा डोळा रोज सकाळी किंचित, एखाद्या चिरेएवढा उघडायचा. यंत्र पहिला प्रश्न विचारायचं, विमल उशाशी बसून “सावकाश होऊ द्या” म्हणायची, आणि बघता बघता चीर पसरट होऊन विरघळून जायची. मग दिवसभर खरखर.

सुनेत्रानं जे येत होतं तेच केलं. रिसीव्हर आणखी सोशिक केला. सन्मतीचा ठेका मंदावला तर यंत्रानं त्याच्यामागे मंदावायचं, रेंगाळला तर रेंगाळायचं. डोळा आणखी लवकर मिटला. तिनं रिसीव्हर अजून सोशिक केला. आता चीरसुद्धा दिसेना. जेवढं नमतं घ्यावं तेवढं हातातून निसटत होतं, आणि हे तिच्या सगळ्या शिक्षणाच्या उलट होतं.

“मॅडम, चार दिवस राहिलेत,” डॉ. नेजकर म्हणाले. “शस्त्रक्रियेची तयारी सुरू करावी लागेल.” सुनेत्रानं मान हलवली. विमलला तिनं ते त्या दिवशी सांगितलं नाही, पण विमलला कळलं असावं.

त्या संध्याकाळी दोघी खोलीवर आल्या. सूर्यास्ताआधी जेवून घ्यायचं ही घरची रीत. दिवस बुडाला की पानाला हात नाही. सुनेत्रा पुण्यात ही रीत कधीच विसरली होती, पण विमलसमोर ती पाळायची. हिवाळ्याचे दिवस, ऊन लवकर कलायचं. विमलनं घाईघाईनं भाकरी थापल्या, दोडक्याची भाजी आणि मुगाची आमटी वाढली.

“तू सुरू कर, मी आलो,” विमल म्हणाली.

“या की तुम्ही, मग करतो.”

विमल आली, बसली. सुनेत्रा विचारात दिसली, म्हणून तिनं घास घेतला नाही. पोरीला सावकाश सुरू करू दे म्हणून ती भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून बसली. सुनेत्रानं बघितलं, वहिनींचा हात थांबलाय. देवाचं काही म्हणत असतील, असं वाटून तिनंही हात आखडता घेतला. विमलला वाटलं, हिला बोलायचंय काहीतरी. सुनेत्राला वाटलं, ह्यांना रडू येतंय. दोघी एकमेकींचा अंदाज घेत, एकमेकींसाठी थांबत, समोर ताटं ठेवून बसून राहिल्या. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा वर सरकत छताला लागला आणि गेला.

“आगं बया,” विमल खिडकीकडे बघून म्हणाली, “बुडला की गं दिवस.”

दोघींनी ताटांकडे बघितलं. मग एकमेकींकडे. आणि कितीतरी दिवसांनी विमल खळखळून हसली. “सावकाश सावकाश म्हणत ऱ्हायलो उपाशी दोघीबी! सूर्य कुणासाठी थांबतोय व्हय?”

सुनेत्रा हसता हसता थांबली.

“वहिनी,” ती म्हणाली, “दादाचं हेच झालंय.”

जुन्या टेलिफोनच्या जाळ्यांत ही चूक व्हायची आणि तिनं ती पुस्तकात वाचली होती. एका केंद्रानं आपलं घड्याळ दुसऱ्याच्या सिग्नलवरून लावायचं आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या. दोघंही सज्जन, दोघंही दुसऱ्यासाठी नमतं घेणारे. पहिला किंचित मंदावला की दुसरा मंदावतो. तो मंदावलेला बघून पहिला आणखी मंदावतो. असे दोघे हातात हात घालून भरकटत जातात आणि कुणाचंच काही चुकलेलं नसतं. यावर उपाय एकच, की दोघांपैकी एकानं दुसऱ्याकडे न बघता आपला ठेका धरून राहायचं.

रक्तवाहिनी फुटली ती नेमकी कुठे, हे सुनेत्रानं पुन्हा एकदा डॉक्टरांच्या चित्रांत बघितलं. बोलण्याची जागा शाबूत होती, शब्दांची जागा शाबूत होती. हातपाय हलवणारा भाग गेलाच होता, पण बोलण्यापुरता गेला होता तो एक इवलासा कोपरा, जो तोंडाला ठेका पुरवतो. धडधाकट माणसाकडे तो ठेका जन्मापासून असतो आणि दुसऱ्याशी बोलताना तो थोडा इकडेतिकडे जुळवून घेतो. सन्मतीकडे स्वतःचा ठेका उरलाच नव्हता. जो काही होता तो ऐकून घेतलेला, उसना. तो आत अंधारात उभा राहून दोरीचा अंदाज घेत होता. आणि बाहेर सगळेजण, बायको, बहीण, यंत्र, त्याच्यावरच्या मायेपोटी दोरी हळू करत होते, आणखी हळू करत होते, तो उडी मारेल म्हणून थांबवत होते. थांबलेल्या दोरीत उडी मारणार कशी? गेली दोन वर्षं तो रोज आत यायचा प्रयत्न करत होता, या विचारानं सुनेत्राला बसवेना. ती खोलीभर फेऱ्या मारत राहिली.

“तुम्ही यंत्राची सहनशक्ती काढून टाकणार?” सकाळी डॉक्टरांनी विचारलं.

“ऐकताना सगळी सहनशक्ती ठेवणार. बोलताना नमतं घ्यायचं नाही, एवढंच.”

आधी यंत्राच्याच आवाजात, एका ठरलेल्या ठेक्यावर बोलून बघितलं. डोळा उघडेना. तो आवाज फार सपाट होता, त्यात उतार नाही, चढाव नाही, धरायला कडाच नाहीत. सन्मतीची जुनी निवेदनं ऐकवावीत असं डॉक्टरांनी सुचवलं. “नको,” विमल म्हणाली. “सोताचंच ऐकत बसत्याल दिवसभर.” पण एक ऐकवून बघितलं. डोळा थोडा उघडला, मग गर्दीच्या आरोळ्यांत बुडून गेला.

सुनेत्रा विमलकडे वळली.

“तुम्ही बोला, वहिनी. रोज बोलता तसं नाही. सलग बोला, तुमच्या चालीनं. त्याच्यासाठी थांबू नका. तो काही बोलला तरीसुद्धा थांबू नका. एका माणसानं सूर्य व्हायला पाहिजे.”

विमलचा चेहरा उतरला. “मी? मला कुठं येतंय बोलायला? सलग बोलायची सवयच न्हाई मला. तुला ठाऊक हाय.”

“आहे ठाऊक. म्हणूनच सांगतो. किती वाक्यं अर्धी राहिली असतील तुमची. ती सगळी पुरी करा.”

विमल खुर्ची ओढून बसली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, सवयीनं ‘सावकाश’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पदर नीट केला. मग भिंतीकडे बघत, परीक्षेला बसल्यासारखी, सुरू झाली.

“तर माझ्या माहेरी एक माकड आलं हुतं. लग्न झाल्यावर तुमास्नी सांगायला घेतल्यालं, तर तुमीच सांगून टाकलं, माकड पळालं म्हणून. माकड पळालं न्हाई. तुमी आपलं पळवलंसा त्येला. माकड आमच्या कौलावर बसलं हुतं आन् आमच्या आप्पांचा चष्मा त्येच्या हातात. आप्पांना चष्म्याबिगर काय दिसंना, त्ये माकडालाच ‘कोण पाव्हणं?’ म्हणून इचारत्यात…”

सिस्टरांना हसू आवरेना. सुनेत्रा पडद्यावरून नजर हलवत नव्हती. रेघा विस्कटलेल्याच होत्या. विमल अडखळली, नवऱ्याकडे बघायला वळली, सुनेत्रानं हातानं खूण केली, बोला, बोला. विमल पुन्हा भिंतीकडे बघून बोलू लागली. हळूहळू तिला चाल सापडली. तिचं बोलणं सन्मतीसारखं नव्हतं. ते घरातली कामं उरकावीत तसं, एकामागून एक, न थांबता, धाप न लागता चाललं होतं. आई काय म्हणाली, शेजारच्या पाटलीणबाई शिडी घेऊन कशा आल्या, शिडीची एक पायरी कशी कुजकी होती. वाक्य संपायचं, ती श्वास घ्यायची, पुढचं वाक्य उचलायची. श्वास घेण्याइतकीच मोकळी जागा, तीही दर वेळी सारखीच.

पडद्यावर एक रेघ दुसरीवर जाऊन बसली. मग तिसरी. सुनेत्राला वाटलं, आपल्याला भास होतोय. तिनं गादीचा पंप बघितला, तो बंद होता. सगळ्या विस्कटलेल्या रेघा, वारा पडल्यावर पाणी स्थिर व्हावं तशा, एकेक करून आपापल्या जागी येत होत्या. मधोमध एक चीर पडली, रुंदावली, बदामाएवढी झाली आणि तशीच राहिली. स्वच्छ, काळाभोर, सताड उघडा डोळा. इतका निर्मळ डोळा तिनं ऑफिसातल्या लाखमोलाच्या यंत्रांवरही क्वचित बघितला होता. आणि हा एका माणसाच्या मेंदूतून येत होता, ज्याला जगानं हिशेबातून वजा केलं होतं. तिला एकाएकी फार लहान वाटलं. माणसाच्या आत असं काही असतं आणि ते दुसऱ्याच्या बोलण्याच्या आधारानं उभं राहतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

विमल श्वास घ्यायला थांबली आणि त्या जागेत, नेमका, यंत्रातून आवाज आला.

“हं.”

विमलला वाटलं डॉक्टरच बोलले. ती पुढे बोलत राहिली. पुढच्या श्वासाला पुन्हा, “हं.” त्याच्या पुढच्याला पुन्हा. गोष्ट ऐकणारा देतो तसा हुंकार, एकही चुकला नाही, एकही लवकर आला नाही. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. सुनेत्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पडदा सोडायचा नव्हता. आयुष्यात कुणाला हुंकार न दिलेला तिचा दादा बायकोच्या गोष्टीला हुंकार देत होता.

आता विमललाही कळलं. तिचा आवाज कापला, पण चाल सुटली नाही. “…तर ती कुजकी पायरी मोडली आन् पाटलीणबाई तशाच लोंबकळत ऱ्हायल्या. वर माकड, मधी पाटलीणबाई, खाली आप्पा. आन् मी परकर वर खोचला, आन् मागच्या बाजूनं जांभळावर चढलो. कुणाचं ध्यान न्हाई. मी फांदीवरनं कौलावर आलो, माकडाच्या पाठीमागं…”

ती श्वास घ्यायला थांबली.

“फुडं?” सन्मती म्हणाला.

तो मैदानातला आवाज होता, भरदार, जरा घोगरा. पण त्या आवाजानं हा शब्द आजवर कधी उच्चारला नव्हता. विमलचं तोंड उघडं राहिलं. तिचे दोन्ही हात नवऱ्याच्या हाताकडे गेले. त्याच्या तोंडून दुसरा शब्द ऐकायला तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला. ती थांबली.

पडद्यावरच्या रेघा कडेनं सुटायला लागल्या. डोळा बारीक झाला.

सुनेत्रानं पडद्याकडे बोट केलं. विमलनं तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते आलं होतं, आणि त्याच्यासाठी थांबता येत नव्हतं. यापुढे कधीच थांबता येणार नव्हतं. तो बोलेल तेव्हा तिनं बोलत राहायचं, त्याचं नीट ऐकून घेण्याची चैन तिच्या वाट्याला नव्हती. तिनं त्याचा हात घट्ट धरला, मान भिंतीकडे वळवली आणि श्वास घेतला.

“फुडं काय,” ती आपल्या चालीनं म्हणाली, “माकडानं वळून माझ्याकडं बघितलं, मी माकडाकडं बघितलं, आन् मी त्येला म्हटलं, चष्मा दे…”

“हं,” सन्मती म्हणाला.